मर्जीतला की भरवशाचा?

गेल्या रविवारी सकाळची मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या आवारात उभे होतो. आपल्याच धर्मग्रामातील एक तरुण आईला घेऊन आमच्याकडे आला. हातात पेढ्यांचा पुडा होता. अंधेरीच्या एका कारखान्यात स्टोअर्स विभागात त्याला पहिली नोकरी लागली होती. पेढा आमच्या हातावर ठेवत त्याची आई म्हणाली, "दादा, तुम्ही तीस-बत्तीस वर्षं नोकरी केलीत. ह्याला चार शब्द सांगा. साहेबांच्या मर्जीत कसं राहायचं ते शिकवा."

आम्ही चार शब्द सांगितले. एक गाडी आधीची पकड, उलट उत्तर देऊ नकोस, सांगितलेले काम पूर्ण कर, कामाच्या वेळेत मोबाईल खिशात ठेव. मुलाने मान डोलावली, आईचे समाधान झाले आणि आम्ही घरी आलो. पण त्या एका शब्दाने दिवसभर आमची पाठ सोडली नाही. मर्जी! साहेबांच्या मर्जीत राहणे आणि भरवशाचा माणूस होणे, ह्या दोन गोष्टी एकच आहेत का? आम्ही स्वतः बरीच वर्षे त्या एकच मानल्या आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली. म्हणून आज हा विषय आपल्यासमोर मांडत आहोत.

बंधूभगिनींनो, आपल्या भाषेत 'पत' हा एक छोटासा शब्द आहे. बाजारात ज्याच्या शब्दावर उधार माल मिळतो त्याला पत आहे, असे आपण म्हणतो. गावात ज्याचा शब्द खाली पडत नाही, त्यालाही पत आहे असेच म्हणतो. पैसा आणि प्रामाणिकपणा ह्या दोहोंसाठी आपल्या पूर्वजांनी एकच शब्द ठेवला, हे विचार करण्यासारखे आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने भाजी, केळी, फुले आणि दूध मुंबईला नेऊन संसार उभे केले. दुधात पाणी घातले आहे की नाही हे गिऱ्हाईक रोज पाहत बसत नसे. ते दार उघडून भांडे पुढे करत असे. त्या पुढे केलेल्या भांड्यात दूधवाल्याची पत होती. १९१८ साली आपल्या वसईत बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक उभी राहिली, तीही अशाच पतीच्या बळावर. शेजाऱ्याने ठेवलेला पैसा दुसरा शेजारी कर्ज म्हणून घेतो आणि परत करतो, हा भरवसा नसेल तर सहकारी पेढी एक दिवसही चालणार नाही.

ह्यातून एक गोष्ट लक्षात येते. भरवसा ही एका दिवसात दाखवायची हुशारी नाही. ती रोजच्या साध्या कामातून साठत जाते आणि कधीतरी अचानक तिची गरज पडते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दहशतवाद्यांनी गोळीबार सुरू केला, तेव्हा मध्य रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या खोलीत कामावर होते. माईक सोडून पळून जाण्याऐवजी ते प्रवाशांना सांगत राहिले, की मुख्य दालनाकडे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. त्यांच्या खोलीच्या दिशेनेही गोळी झाडली गेली. त्या सूचनांमुळे अनेकांचे प्राण वाचले. त्यांच्या धैर्याचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते योग्यच होते. पण आम्हाला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. घाबरलेल्या लोकांनी त्या आवाजाचे ऐकले का? कारण रोज संध्याकाळी तोच लाऊडस्पीकर त्यांना कोणती लोकल कोणत्या फलाटावर लागेल हे सांगत होता आणि त्यांची गाडी तिथेच लागत होती. रोजच्या कंटाळवाण्या कामाने कमावलेला विश्वास त्या एका रात्री उपयोगी पडला. त्या क्षणी कोणी साहेब शेजारी उभा राहून हुकूम देत नव्हता. समोर होते ते प्रवासी.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगताना आजही संकोच वाटतो.

१९९० नंतरच्या दशकात आम्ही एका खाजगी कारखान्यात नोकरीला होतो. इतर कागदपत्रांबरोबर आग विझवण्याच्या सिलिंडरांचे रजिस्टर आमच्याकडे होते. कारखान्यात जागोजागी लाल सिलिंडर टांगलेले असत. दर महिन्याला प्रत्येकापाशी जाऊन दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन आणि सील जागेवर आहे का, नळी फुटलेली नाही ना, हे पाहायचे आणि सही करायची. मुदत संपली की सिलिंडर पुन्हा भरून घ्यायचा. एका वर्षी भरणावळीचे पैसे मंजूर झाले नाहीत. साहेब म्हणाले, "तपासणीचे लोक येणार आहेत. आता ह्या तारखेला सह्या करून टाका, पुढच्या तिमाहीत भरून घेऊ." आम्ही सह्या केल्या. पुढची तिमाही आली आणि गेली. मग सही करणे अंगवळणी पडले. काट्याकडे पाहण्यासाठी खुर्चीवरून उठणेही बंद झाले. साहेब चार लोकांत आमच्या पाठीवर हात ठेवून म्हणत, "हा माझा अगदी विश्वासू माणूस." ते ऐकून आमची छाती फुगत असे. त्या वर्षी पगारवाढही चांगली झाली.

पुढे एका दुपारी पॅकिंग खात्यात खोक्यांना आग लागली. आग मोठी नव्हती. कंत्राटावर काम करणाऱ्या एका हेल्परने जवळचा सिलिंडर उचलला, पिन काढली, दांडा दाबला. त्यातून काहीच बाहेर आले नाही. बिचाऱ्याने पेटलेली खोकी हातांनी ओढून बाजूला केली. आग विझली, पण त्याचे दोन्ही हात भाजले. चौकशी झाली. रजिस्टर मागवले गेले. आमच्या सह्या ओळीने, न चुकता, महिन्यामागून महिना उभ्या होत्या. कागद चोख होता. आम्हाला कोणी एक शब्दही विचारला नाही.

लोकांनी विचारले असते, दोष दिला असता, तर कदाचित मन हलके झाले असते. सहा-सात महिन्यांनी आम्ही पापनिवेदनाला गेलो आणि हे सांगून टाकले. फादरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "त्या माणसाला भेटलात का?" आम्ही भेटलो नव्हतो. मग शोधत शोधत त्याच्या खोलीवर गेलो. त्याच्या उजव्या हाताची बोटे पुरती मिटत नव्हती. आम्ही सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "साहेब, सह्या तर सगळेच करतात. पण मला वाटलं, भरलेला असेल." आम्हाला जमेल तेवढी मदत आम्ही त्याला केली. तिने बोटे मिटली नाहीत.

"मला वाटलं, भरलेला असेल." बंधूभगिनींनो, भरवसा म्हणजे काय हे आम्हाला त्या वाक्याने शिकवले. तो हेल्पर आम्हाला नावानेही ओळखत नव्हता. तरी त्याने आमच्यावर विश्वास टाकला होता. साहेबांनी जो विश्वास टाकला तो आम्ही खोटे बोलू ह्यावर होता आणि त्या विश्वासाला आम्ही पुरेपूर जागलो. ह्याने जो टाकला होता, त्याला मात्र जागलो नाही.

'खाल्ल्या मिठाला जागावे' असे आपण मुलांना शिकवतो. शिकवण चांगली आहे. पण मीठ कोणाचे, हेही विचारले पाहिजे. पगाराच्या पाकिटावर मालकाची सही असते हे खरे. तरी त्या पाकिटात पैसा येतो तो माल विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडून, शेजारच्या मशीनवर घाम गाळणाऱ्या सोबत्यामुळे आणि खोकी उचलणाऱ्या त्या कंत्राटी माणसामुळे. त्या सर्वांचे मीठ आपण खातो. म्हणून आमचे मत असे झाले आहे, की ज्याच्या कामावर न पाहता विसंबता येते तो भरवशाचा माणूस. आणि विसंबणाऱ्यांत साहेब हा फक्त एक असतो. नर्सवर रोगी विसंबतो, वायरमनवर घरातले लेकरू, बँकेतल्या कारकुनावर पासबुक न वाचता येणारी म्हातारी. त्यांच्यापैकी कोणीही आपली बढती करू शकत नाही.

हे एकदा समजले, की नोकरीतल्या चांगल्या सवयींना वेगळाच अर्थ येतो. वेळेवर जायचे ते हजेरी लागावी एवढ्यासाठी नाही. रात्रपाळी करून थकलेला सोबती आपली वाट पाहत असतो, म्हणून जायचे. जमेल तेवढेच काम कबूल करावे आणि कबूल केलेले पुरे करावे. काम अडले तर शेवटच्या दिवसापर्यंत तोंड लपवू नये. वाईट बातमी लवकर सांगितली तर उपाय करायला वेळ मिळतो. येत नसेल तर 'मला येत नाही, शिकवा' म्हणावे. चूक झाली तर आपल्या तोंडाने सांगावी. जो स्वतःची चूक सांगतो, त्याने 'सर्व ठीक आहे' म्हटले तर ते खरे मानता येते. आपल्याला येणारी कामाची खुबी दुसऱ्याला शिकवावी. माझ्यावाचून अडावे म्हणून ज्ञान दडवून ठेवणारा माणूस कंपनीला काही दिवस हवाहवासा वाटेल, पण तो रजेवर गेला की सगळ्यांची अडचण होते. आणि जे डोळ्यांनी पाहिले नाही त्यावर सही करू नये. ही शेवटची गोष्ट आम्ही सर्वात महाग शिकलो.

पण साहेबच चुकीचे करायला सांगत असतील तर? अमेरिकेतील रॉजर बॉइसजोली ह्या इंजिनिअरचे उदाहरण येथे आठवते. 'चॅलेंजर' ह्या अंतराळयानाची रॉकेटे बनवणाऱ्या कंत्राटदार कंपनीत ते नोकरीला होते. थंडीत रॉकेटच्या सांध्यांमधील रबरी कडी ताठरतात आणि सांधा बंद राहत नाही, हे त्यांना माहीत होते. १९८५ च्या जुलैमध्ये त्यांनी वरिष्ठांना तसे लेखी कळवले होते. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, उड्डाणाच्या आदल्या दिवशी, त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी उड्डाण थांबवण्यासाठी जीव तोडून सांगितले. व्यवस्थापनाने आधी त्यांचे ऐकले आणि मग दबावाखाली मत बदलले. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मरण पावले. पुढे चौकशीत बॉइसजोली खरे ते बोलले. त्यामुळे कंपनीत त्यांना एकटे पाडण्यात आले आणि त्यांना ती नोकरी सोडावी लागली. १९८८ साली त्यांना सन्मानाचा एक पुरस्कारही मिळाला, पण तो सारे घडून गेल्यावर.

त्या रात्री कंपनीत मर्जीतली माणसे कमी नव्हती. भरवशाची माणसे मात्र 'नाही' म्हणत होती. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला किंमत ती काय? जो साहेबांसाठी गिऱ्हाइकाशी खोटे बोलतो, तो उद्या स्वतःसाठी साहेबांशीही खोटे बोलेल, हे शहाणा मालक ओळखून असतो.

निवृत्त माणसाला हे लिहिणे सोपे आहे, हे आम्हाला कळते. घराचा हप्ता, मुलांच्या फिया, आजारी आई हे सारे डोळ्यांसमोर असताना पंचवीस वर्षांच्या मुलाने एकट्याने उभे राहावे, अशी अपेक्षा करणे कठोर आहे. लगेच राजीनामा फेकणे हाच एक मार्ग नाही. आधी नम्रपणे विचारावे, "साहेब, मी स्वतः बघून सही करू का?" तोंडी सांगितलेली गोष्ट लेखी मागावी. आपली शंका कागदावर नोंदवावी. एकट्याने न जाता सोबत्याला घेऊन जावे. पुष्कळदा तेवढ्याने चुकीचे काम थांबते, कारण चुकीला कागदाची भीती वाटते. एवढे करूनही थांबले नाही आणि नोकरी गेली, तर मात्र प्रश्न आपला सर्वांचा आहे. अशा मुलाला आपण धर्मग्रामात काय म्हणतो? 'शहाणपणा करायला गेला, घालवली चांगली नोकरी' असेच ना? प्रामाणिकपणावर प्रवचन ऐकायचे आणि प्रामाणिकपणामुळे घरी बसलेल्याला मूर्ख ठरवायचे, हे बरोबर नाही. त्याच्या घरी जाऊन 'आम्ही आहोत' म्हणणे आणि त्याच्यासाठी दुसरीकडे शब्द टाकणे, एवढे तर आपल्या हातात आहे.

आणखी एक शंका तरुण मुले विचारतात आणि ती रास्त आहे. कंपनी आमच्याशी इमान राखत नाही. अकरा महिन्यांचा करार, मग घरी. मग आम्ही का राखावे? आमच्या पिढीने गिरण्यांचे हाल पाहिले आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप हळूहळू विरून गेला, अनेक गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत. वीस-पंचवीस वर्षे एकाच साच्यावर उभे राहिलेल्या माणसांना नंतर भाजीची गाडी लावावी लागली. त्यांना 'निष्ठा ठेवा' असे कोणत्या तोंडाने सांगणार?

आम्हाला वाटते, येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. घेतलेल्या मजुरीच्या बदल्यात चोख काम देणे हे आपले कर्तव्य आहे, कारण त्या कामावर दुसरी माणसे विसंबलेली असतात. पण आपली सारी निष्ठा, घरातली प्रत्येक संध्याकाळ आणि विवेकबुद्धी कंपनीच्या पायाशी वाहणे हे कर्तव्य नाही. रास्त मजुरी मागणे, संघटना करणे, चांगली नोकरी मिळाली तर रीतसर सूचना देऊन आणि काम नीट सोपवून निघून जाणे, ह्यात बेइमानी नाही. भरवशाच्या माणसाला एक धोका असतो. काम करणाऱ्यालाच काम मिळते, चार जणांचे ओझे त्याच्या टेबलावर येऊन पडते. रोज रात्री दहाच्या विरार लोकलने परतणाऱ्या बापावर ऑफिस विसंबते, पण घरातले मूल त्याच्यावर विसंबायचे सोडून देते. मुलाला दिलेला शब्दसुद्धा शब्दच आहे.

ख्रिस्तसभेने ह्या प्रश्नावर उशिरा का होईना, पण स्पष्ट भूमिका घेतली आहे. १८९१ साली पोप लिओ तेरावे ह्यांनी कामगारांच्या हक्कांवर विश्वपत्र लिहिले. १९५५ साली पोप पायस बारावे ह्यांनी १ मे हा श्रमिक संत योसेफ ह्यांचा सण म्हणून नेमून दिला. १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी श्रमावर विश्वपत्र लिहिले. ते तरुणपणी पोलंडमध्ये जर्मन अमलाखाली दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात राबले होते. माणसाचे मोल कामावरून ठरत नाही, उलट माणूस ते करतो म्हणून कामाला मोल येते, असा त्या शिकवणीचा आशय आहे. ज्याला पगारवाढ मिळाली नाही, ज्याला कामावरून कमी केले, जो आजारपणामुळे कामच करू शकत नाही, त्याचे मोल तसूभरही कमी होत नाही.

हे मोल आपण स्वतः इतरांना देतो का? आपल्यापैकी अनेक जण घरापुरते मालक आहेत. धुणी-भांड्यांची बाई एक दिवस आली नाही तर आपण तिला बेभरवशाची म्हणतो. पण तिचा पगार पहिल्या तारखेला देण्याइतके आपण भरवशाचे आहोत का? वाडीत काम करणाऱ्या मजुराला, बांधकामावरच्या गवंड्याला 'उद्या ये' म्हणून किती वेळा परत पाठवतो? विश्वासू नोकर हवा असेल तर विश्वासू मालकही व्हावे लागते.

असो. तो तरुण परवा पुन्हा भेटला. त्याच्याकडे कारखान्यातल्या सामानाच्या नोंदी दिल्या आहेत, असे त्याने सांगितले. "अंकल, पहिल्याच आठवड्यात कपाटात मोजलेला माल आणि वहीतला आकडा जुळला नाही. सीनियर म्हणाला, वहीतलाच आकडा पुढे ओढ. काय करू?" आम्ही त्याला आमच्या सिलिंडरांची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे पुन्हा मोजू आणि जे मोजलं ते लिहू."

तो सोमवारी तसे लिहिणार आहे. साहेबांची मर्जी राहील की नाही, हे आम्ही त्याला सांगू शकलो नाही. उद्या सकाळी आपणही आपापल्या कामावर जाऊ. सही करण्यासाठी पेन उचलताना एक क्षण थांबून विचारू या: ह्या सहीच्या पलीकडे, मला न ओळखणारा, पण माझ्यावर विसंबून असलेला माणूस कोण आहे?